मेंदू एकटा काय काय करणार?

‘प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू आहे’ हे वाक्य तुम्ही परीक्षेत अनेकदा लिहिले असेल. महाविद्यालयात येणारी मुलेही मला हेच सांगतात. पण ‘डिस्कवरचे छायाचित्र मेमरीत कोण नेऊन ठेवते?’ असे विचारले, की उत्तर येते, ‘मेंदूच!’ येथे आपल्या शिकवण्यात काहीतरी चुकते आहे, असे मला वाटते.

थोडा हिशेब करू. छायाचित्र १ मेगाबाइटचे, म्हणजे १०,४८,५७६ बाइटचे आहे असे समजा. प्रोसेसरने एका खेपेस ४ बाइट उचलले, तर २,६२,१४४ खेपा होतील. सारा वेळ अशी हमाली केली, तर त्याने गणिते कधी करायची? म्हणून डिस्कसारख्या उपकरणांना मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्याची मुभा असते. हाच डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, थोडक्यात डीएमए. प्रोसेसर काम नेमून देतो. उपकरण ते उरकते आणि ‘झाले’ असा इशारा देते.

खरी अडचण पुढेच आहे. मेमरीची वाटणी बहुधा ४,०९६ बाइटच्या पानांनी होते. आपल्या छायाचित्राला अशी २५६ पाने लागतील, आणि ती सलग मिळतीलच असे नाही. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत डीएमएचे काम इंटेलची ८२३७ ही चिप करी. तिला सलग जागा लागे आणि एका कामात ६४ किलोबाइटची हद्द ओलांडता येत नसे. आजची अनेक उपकरणे विखुरलेली जागाही चालवून घेतात. त्यांना फक्त एक यादी हवी असते : कोणत्या पत्त्यावर किती बाइट.

लग्नाचे वऱ्हाड मोठे असले, की आळीतल्या घराघरांतून उतरण्याची सोय करतात ना? अमक्यांकडे चार, तमक्यांकडे सहा, अशी यादी मुलांच्या हाती दिली, की यजमान दुसऱ्या कामाला मोकळा. तसेच हे.

संगणकात ही यादी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचे काम सुरू केले. त्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, या यादीचे नियम स्पष्ट आहेत. प्रथम यादीतील जागा उपकरणाला समजतील अशा पत्त्यांवर बसवून घ्यायच्या. तेव्हा काही जागा एकमेकींना जोडल्या जाऊन २५६ नोंदींच्या, समजा, २०० होतात. उपकरणाला २०० नोंदीच द्यायच्या. काम संपेपर्यंत त्या जागेला प्रोसेसरने हात लावायचा नाही. शेवटी जागा सोडवताना मात्र मूळचा २५६ हाच आकडा सांगायचा. दोन घरांमधले दार उघडून वऱ्हाडासाठी एकच घर केले, तरी किल्ल्या दोन्ही घरमालकांना परत द्याव्या लागतात, तसे!

हा हिशेब चुकला तर? समजा, काम संपण्यापूर्वीच एक पान मोकळे समजून दुसऱ्या प्रोग्रामला दिले. उपकरणाला ते ठाऊक नसते. ते जुन्या यादीप्रमाणे लिहीत राहते आणि भलत्याचीच माहिती पुसली जाते. अनेकदा चुकीची सूचनाही मिळत नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, ‘हे इंजिनिअरांचे काम, शाळेत कशाला?’ मला हे पटत नाही. आज्ञांची नावे खुशाल पुढे शिकावीत. पण वर केलेला हिशेब नववीच्या मुलाला सहज जमेल. ‘मेंदू’ म्हणून सोडून दिले, की मुलाला संगणक जादूचा वाटतो, आणि जादूला कोणी प्रश्न विचारीत नाही. अशी मुले संगणक वापरतील. तो बांधायला किंवा दुरुस्त करायला मात्र बिचकतील. लिनक्सचा सारा प्रोग्राम कोणालाही वाचण्यास खुला आहे. कुतूहल जागे झाले, तर पुढची वाट मोकळी आहे.

शिक्षकांनी एक तास एवढेच करून पाहावे. वर्गातील १६ विखुरलेल्या जागांची यादी एका मुलाला द्यावी आणि त्या क्रमाने १६ चिठ्ठ्या वाटायला सांगावे. मध्येच, त्याला न कळवता, एक जागा दुसऱ्याला द्यावी. चिठ्ठी कोणाकडे गेली, आणि चूक कोणाची, यावर वर्गाला वाद घालू द्यावा. त्या वादात जे समजेल, ते पाठ केलेल्या व्याख्येत सापडणार नाही.