शत्रू एकच, नशीब वेगळे

परक्या शिकारी प्राण्यांपासून देश मुक्त करण्याच्या 'प्रिडेटर फ्री २०५०' मोहिमेत न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२५ मध्ये रानात माजलेल्या भटक्या मांजरांनाही घेतले. उंदीर, पोसम आणि मुंगसासारखा दिसणारा स्टोट आधीपासून यादीत होतेच. एवढा खटाटोप कशासाठी, हे तिथले दोन चिमुकले पक्षी सांगतात.

पहिला रायफलमन. वजन जेमतेम ६-७ ग्रॅम. जंगलात राहतो, झाडाच्या ढोलीत घरटे करतो. ढोलीचे तोंड अरुंद असल्याने शिकाऱ्याला आत शिरणे अवघड जाते. जागतिक यादीत तो 'कमी चिंतेचा' आहे. दुसरा त्याचाच भाऊबंद, रॉक रेन. हा फक्त दक्षिण बेटावरच्या पर्वतांत, वृक्षरेषेच्या वर राहतो. फार उडत नाही आणि घरटे जमिनीलगत, खडकांच्या फटीत बांधतो. तो 'संकटग्रस्त' आहे.

वॉर्डात आम्ही हेच पाहतो. जंतू एकच, पण एक रुग्ण चार दिवसांत घरी जातो आणि दुसरा अतिदक्षता विभागात पोहोचतो.

सशांना आवर घालायला १८८०च्या दशकात स्टोट आणले गेले. बीच वृक्षांना भरघोस बी धरते त्या वर्षी उंदीर वाढतात, पाठोपाठ स्टोट वाढतात. खालचे अन्न संपले की ते डोंगर चढतात.

उशीर झाला तर काय होते, हे याच कुळात दिसले आहे. १९६४ मध्ये बिग साउथ केप बेटावर उंदीर पोहोचल्यावर तिथले सहा बुश रेन दुसऱ्या बेटावर हलवले, पण वंश टिकला नाही. १९७२ नंतर तो पक्षी कुणाला दिसलेला नाही.

आज मुख्य हत्यार म्हणजे हेलिकॉप्टरमधून टाकले जाणारे '१०८०' हे विष. ते पेशींतली ऊर्जानिर्मिती रोखते. त्यात काही किआ पोपटही मरतात, म्हणून विरोध आहे आणि तो अनाठायी नाही. मात्र विष टाकलेल्या भागांत रॉक रेनची अधिक घरटी यशस्वी होतात, असे पाहणीत आढळले. दुष्परिणाम नसलेले औषध नसते. मात्रा, वेळ आणि रुग्ण पाहूनच ते द्यायचे. बीच बहरण्याचा अंदाज काही महिने आधी येतो. रॉक रेनसाठी तीच उपचाराची वेळ आहे.