‘व्हायचंय’ या क्रियापदाचे काय?

मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या आत्मकथनाची चर्चा बहुतांशी एखाद्या खटल्यासारखी होत आली आहे. वादी, प्रतिवादी, साक्षी-पुरावे सारे तेथे आहे. नाही ती फक्त संहिता. एका पक्षाच्या लेखी हे पुस्तक म्हणजे नामदेव ढसाळ या पुरुषावरील आरोपपत्र. दुसऱ्या पक्षाच्या लेखी ‘गोलपिठा’च्या कवीच्या खासगी आयुष्याशी वाङ्मयाला कर्तव्य नाही, उलट हे लेखन म्हणजे चळवळीच्या विरोधकांच्या हाती दिलेले कोलीत. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी म्हणून वावरतात, पण पुस्तक ‘त्याच्याविषयी’ आहे यावर त्यांचे पूर्ण मतैक्य आहे.

वस्तुतः शीर्षकच या वाचनाला नकार देते. ‘उद्ध्वस्त झाले’ किंवा ‘उद्ध्वस्त केले गेले’ असे ते नाही. ‘मला जायचंय’ या मराठी वाक्यात जाण्याची ओढ असते तशीच जाणे भाग असल्याची निकडही असते. दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे हे संदर्भ ठरवतो. येथे तो संदर्भ अखेरपर्यंत निश्चित होत नाही, आणि पुस्तकाचे सामर्थ्य नेमके यातच आहे. प्रेमात स्वतःला झोकून देणाऱ्या मुलीची विसर्जनाची असोशी आणि मारहाण, व्यसन, आजार यांनी वेढलेल्या संसारातील स्त्रीची कोंडी एकाच क्रियापदात नांदतात. जेरी पिंटो यांच्या २०१६ मधील इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात निकड गळून इच्छा तेवढी उरली आणि ‘होणे’चे ‘स्वतःला नष्ट करणे’ झाले. अनुवादकाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या भाषेने त्याला निवड करायला लावली. मराठी समीक्षकाला ही सबब नाही.

अलीकडे या पेचावर ‘सहावलंबित्व’ हे मानसशास्त्रीय लेबल लावण्याची सोय झाली आहे. व्यसनी माणसाच्या जोडीदारासंबंधी रूढ झालेली ही संज्ञा निरुपयोगी नाही. परंतु निदान म्हणजे वाचन नव्हे. शाहीर अमर शेख यांच्या घरात वाढलेल्या मुलीला कविता, क्रांती आणि पुरुष हे तीन स्वतंत्र विषय म्हणून भेटत नाहीत. १९७२ साली ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. त्या भाषेच्या आणि त्या दिवसांच्या मोहिनीवाचून या प्रेमाचा विचारच होऊ शकत नाही. म्हणूनच लेखिका जेव्हा घरात वाट पाहत बसण्याविषयी लिहिते, तेव्हा ती केवळ नवऱ्याची तक्रार करीत नसते. मुक्तीची भाषा उंबरठ्याशी येऊन का थांबते, हा तिचा प्रश्न आहे. तो रोगलक्षण ठरवला की चळवळीला उत्तर द्यावे लागत नाही. लेबलाची लोकप्रियता बहुधा यामुळेच!

मग येतो नेहमीचा सवाल: इतके सारे घडले तर ती राहिली कशी? २०१४ साली ढसाळांचे निधन झाले, तोवर हा विवाह टिकला. हे टिकणे लेखिकेच्या साक्षीविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. लक्ष्मीबाई टिळकांना हा सवाल कोणी केला? ‘स्मृतिचित्रे’तील टिळकही घर सोडून निघून जातात, संतापतात, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात आणि वर्षानुवर्षांची ताटातूट ओढवते. पण लक्ष्मीबाईंच्या विनोदाने वाचकाच्या वतीने टिळकांना आधीच क्षमा करून टाकलेली असते, त्यामुळे वाचक निश्चिंत. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) ती सोय पुरती उपलब्ध करून दिली नाही, तर पु. लं.चे चाहते किती दुखावले! मलिका अमर शेख तर क्षमाही करीत नाहीत आणि संबंधही संपवत नाहीत. राग आणि ओढ एकाच परिच्छेदात येतात, हिशेब मिटत नाही. या विस्कळीतपणाला कलात्मक उणीव म्हणणाऱ्यांनी आत्मकथनाकडून ते नीटनेटक्या निकालाची अपेक्षा कोणत्या आधारावर करतात, हे सांगायला हवे. ‘गोलपिठा’तील विस्कटलेपणाला हीच समीक्षा विद्रोही शैली म्हणून मान देते.

आत्मकथनापूर्वी पाच वर्षे, १९७९ साली, ‘वाळूचा प्रियकर’ हा या लेखिकेचा कवितासंग्रह आला होता. तिच्या गद्यातील प्रतिमांचा शोध ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी तेथून आरंभ करावा. आजवर तो शोध मुख्यतः पतीच्या कवितेत घेतला गेला आहे.