हा पेशंट कुणाचा?



"तुम्ही हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं करता तरी काय?" असं एका वाचकाने विचारलंय. माझ्या आईलाही हे अजून नीटसं कळलेलं नाही, तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

लहानपणी मिरजेला आमचे एक डॉक्टरकाका होते. ताप असो, दाढदुखी असो की ताईसाठी आलेलं स्थळ, सल्ला त्यांचाच. स्पेशालिस्टकडे पाठवलं तरी चिठ्ठी काकांची आणि रिपोर्टही परत काकांकडेच. "हा पेशंट कुणाचा?" हा प्रश्नच कधी पडायचा नाही.

इथे अमेरिकेत माझं पोट नेमकं याच प्रश्नावर चालतं! एचएल सेव्हनच्या जुन्या, पण अजूनही सगळीकडे चालणाऱ्या मेसेजमध्ये पीव्ही वन नावाची एक ओळ असते. तिच्या सातव्या घरात अटेंडिंग डॉक्टर, आठव्यात रेफरिंग, नवव्यात कन्सल्टिंग, सतराव्यात अ‍ॅडमिटिंग. टेस्ट कुणी लिहून दिली ते दुसऱ्याच ओळीत. आणि आपले डॉक्टरकाका, म्हणजे इथला पीसीपी? त्यांची जागा आणखी तिसरीकडे, आणि ती बरेचदा रिकामी.

वरवर पाहता ही नुसती नावं. पण अटेंडिंगचं नातं त्या भरतीपुरतं असतं, डिस्चार्ज झाला की संपलं. पीसीपीचं नातं त्या माणसाशी असतं. हा फरक मी एकदा विसरलो, त्याची गोष्ट सांगतो.

साल २०११. एका हॉस्पिटलचे लॅब रिपोर्ट दुसऱ्या सिस्टिममध्ये पाठवायचे होते. पलीकडे 'प्रोव्हायडर' असं एकच घर. मी त्यात अटेंडिंग टाकला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, टेस्टिंगही झकास झालं. का नाही होणार? आमचे टेस्ट पेशंट कधी घरीच जात नव्हते!

तीन आठवड्यांनी एक आजोबा शुक्रवारी डिस्चार्ज झाले. लघवीचं कल्चर यायचं होतं. ते रविवारी आलं: दिलेलं अँटिबायोटिक त्या जंतूवर चालत नाही. रिपोर्ट इमानेइतबारे अटेंडिंगच्या इनबॉक्समध्ये पडला. ते हॉस्पिटलिस्ट, सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी. सोमवारपासून त्यांची सुट्टी. आजोबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना काहीच पत्ता नाही. गुरुवारी आजोबा थंडीतापाने फणफणत परत इमर्जन्सीत.

वाचले ते. पण तिथल्या नर्सने मला फोनवर एवढंच विचारलं, "तुमच्या सॉफ्टवेअरला हा माणूस कुणाचा वाटतो?" कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग दुरुस्ती केली. डिस्चार्जनंतर येणाऱ्या रिपोर्टची प्रत पीसीपीलाही, आणि पीसीपीचं घर रिकामं असेल तर रिपोर्ट एका यादीत, जी रोज सकाळी कुणीतरी जिवंत माणूस बघेल. यात काही फार मोठं डोकं लागलं नाही. आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

हे एकट्या आजोबांचं नव्हे. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये २००५ साली आलेल्या एका अभ्यासात, ४१ टक्के पेशंटचा घरी जाताना कुठला ना कुठला रिपोर्ट यायचा बाकी होता. २००७ पासून इथे डॉक्टरांना दहा आकडी एनपीआय नंबर लागतो. त्यावरून डॉक्टर कोण ते कळतं, कुणाचा ते नाही. नव्या 'फायर' मानकात केअर टीममधल्या प्रत्येक नात्याला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा लावता येतात. सोय उत्तम आहे, पण तारखा भरायच्या कुणी?

आता आपल्या कामाचं. आपले आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा त्यांना इथे पीसीपी बहुधा नसतोच. म्हणजे ते घर रिकामंच! उद्या त्यांना भरती करायची वेळ आली, तर घरी आणताना तीन प्रश्न विचारा. कुठले रिपोर्ट यायचे आहेत? ते कोण बघणार? आणि फोन कुणाला करणार? उत्तरं डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. त्यांच्या संमतीने पेशंट पोर्टलचा प्रॉक्सी अ‍ॅक्सेसही घ्या. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांमुळे बहुतेक रिपोर्ट तयार होताच तिथे दिसतात.

संकोच करू नका. "हा पेशंट कुणाचा?" याचं उत्तर मशीनला माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत आहे.