बचाव की पळवाट?
१९०८च्या राजद्रोह खटल्यात टिळकांनी स्वतःच बचाव मांडला. ‘केसरी’तील लेखांची सरकारी भाषांतरे विपर्यस्त आहेत, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. ९ ज्यूरींपैकी ७ युरोपीय होते. कौलही ७ विरुद्ध २ असाच लागला. टिळकांच्या या युक्तिवादाला आपण बुद्धिवैभव म्हणतो. मात्र अप्रिय आरोपीचा वकील भाषांतरातील चूक दाखवू लागला, की तीच ‘पळवाट’ ठरते.

दिनशा दावरांचे उदाहरण पाहा. १८९७मध्ये वकील म्हणून त्यांनी टिळकांसाठी जामीन मागितला. १९०८मध्ये न्यायाधीश म्हणून तोच नाकारला आणि ६ वर्षांची हद्दपारी सुनावली. आसनाबरोबर दृष्टीही बदलते. म्हणून कोणत्याही बचावाचे मोल ठरवण्यापूर्वी आपले आसन तपासावे.