वंगणाचे व्याकरण

दिवाळीला आपण दिव्यांचा सण म्हणतो. मला तर तो तेलाचा सण वाटतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळतात ते तेल, चकलीच्या कढईत कढते ते तेल आणि तिन्हीसांजेला पणतीत पडते तेही तेलच! ह्या तिन्ही तेलांविषयी घरोघरी पक्की मते असतात. कोणते तेल कशाला, हे आजीला विचारा नाही तर नातीला. उत्तर तयार असते. चौथे एक तेल मात्र असे आहे की, त्याविषयीचे आपले मत गॅरेजमधल्या मिस्त्रीवर सोपवून आपण मोकळे होतो. ते म्हणजे मोटारीच्या एंजिनातले तेल.

मराठीच्या मास्तराने शब्द सोडून वंगणात हात का घालावा, असे कोणी विचारील. पण एकदा वाचनाची खोड जडली की माणूस पोथीच वाचतो असे नाही; डबेही वाचू लागतो. आणि एंजिनाच्या तेलाच्या डब्यावर जे दोन आकडे आणि एक अक्षर छापलेले असते, त्यात एक छोटेसे व्याकरण दडलेले आहे. ते न कळल्यामुळे आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात काय प्रसंग ओढवला, ते आज सांगतो.

आधी थंडीविषयी. आम्ही अलिबागची माणसे. समुद्र उशाशी असल्यामुळे थंडी आमच्याकडे पाहुणीसारखी येते. चहा घेते आणि जाते. पारा सोळा-सतरा अंशांवर उतरला की आमच्याकडे कानटोप्या निघतात. थंडी पडली की नाही, हे ओळखण्याचे आमचे साधन म्हणजे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली. पारा चोविसाच्या खाली रेंगाळू लागला की खोबरेल थिजते आणि घरातले कोणी तरी बाटली उन्हात नेऊन ठेवते. ह्यापलीकडे तेल आणि थंडी ह्यांच्या वैराची आम्हांला ओळख नाही.

माझे भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. पेणला त्यांनी पस्तीस वर्षे मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालविले. एंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगावा, अशी त्यांची ख्याती. तेलाच्या बाबतीत त्यांचे सूत्र एकच : ‘तेल कसे घट्ट पाहिजे!’ आणि पेणच्या हवेत हे सूत्र चुकीचे नव्हते. एंजिन जुने झाले की आतले भाग झिजतात, फटी वाढतात. उन्हाळ्यात तापून पातळ झालेले तेल त्या फटींतून निसटते, जळते आणि मागून निळा धूर निघू लागतो. तिथे घट्ट तेल घातले की त्याचा थर टिकतो आणि जुनी गाडी आणखी चार वर्षे निभावते. पूर्वी घाट चढणारे गाडीवान बैलगाडीच्या आखाला वंगण घालीत, तेही दाटच असे. भाऊजींचे शहाणपण त्याच परंपरेतले.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ताई आणि भाऊजी कॅनडात विनिपेगला गेले. भाची तिथे नोकरी करते. तिचे पहिलेच बाळंतपण जानेवारीत यावयाचे होते. ताईने डिंक, अळीव आणि बाळंतशेपा बांधून घेतल्या. भाऊजींनी आपले पाने घेतले. जावयाची गाडी जुनी, विकत घेतलेली. ती पाहताच त्यांचे हात शिवशिवू लागले. तेल बदलण्याची वेळ आलीच होती. जावई म्हणाला, गॅरेजमध्ये नेऊ. भाऊजी म्हणाले, “मी घरात असताना?” आणि बाजारातून त्यांनी स्वतः निवडून डबा आणला : २० डब्ल्यू-५०. त्या रात्री मला फोनवर म्हणाले, “अहो मास्तर, इथली माणसे गाडीत पाच डब्ल्यू घालतात. पाण्यासारखे पातळ! असले तेल मी पेणला गिऱ्हाइकाच्या स्कूटरमध्येसुद्धा घातले नसते.”

नोव्हेंबर सुखाने गेला. डिसेंबरात एका सकाळी पारा उणे एकतीस अंशांवर उतरला. भाचीला तपासणीसाठी इस्पितळात जावयाचे होते. जावयाने किल्ली फिरविली. एंजिनाने एकदा खोल हुंकार दिला, अर्धा फेरा घेतला आणि ते गप्प झाले. पुन्हा फिरविली, पुन्हा तेच. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेऊन पाहावे, असे जावयाच्या मनात आले. एवढ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. त्यांनी तेल मोजण्याची पट्टी ओढून काढली आणि उजेडात धरली. तेल टपकेना. थंडीतल्या गुळासारखे ते पट्टीला चिकटून बसले होते. त्यांनी मान हलविली आणि जावयाला किल्ली काढून घ्यावयास सांगितले.

त्या गृहस्थांचे ऐकले म्हणून एंजिन वाचले. लोकांना वाटते, गाडी सुरू न होणे हीच मोठी आपत्ती. त्याहून मोठी आपत्ती म्हणजे अशा स्थितीत ती बळेच सुरू होणे. तेल तळाच्या भांड्यात असते. पंपाने ते ओढून वर पोचविले तरच एंजिनातल्या धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये त्याचा थर राहतो. तेल थिजले की पंपाला ते ओढता येत नाही आणि फिरणारे एंजिन कोरडेच घासत राहते. काही मिनिटांत हजारो रुपयांचे यंत्र भंगारात जमा! त्यात बॅटरीचीही शक्ती थंडीने खचते. उणे अठरा अंशांवर ती जवळजवळ निम्मी होते. म्हणजे जड झालेले एंजिन फिरविण्यासाठी जेव्हा दुप्पट बळ हवे, तेव्हाच ते निम्मे झालेले असते.

भाची त्या दिवशी टॅक्सीने गेली. गाडी ओढून एका उबदार गॅरेजमध्ये नेली. तेल विरघळल्यावर काढून टाकले. कोणी भाऊजींना शब्दाने दुखविले नाही. पण ताई सांगत होती, ते दोन दिवस खिडकीशी बसून होते. पस्तीस वर्षांची विद्या एका सकाळी परकी व्हावी, ह्याचे दुःख त्या बंद गाडीहून मोठे होते. शिवाय जानेवारी तोंडावर आलेला. मुलीला कोणत्याही रात्री न्यावे लागणार. आणि आपल्याच हाताने आपण गाडी थिजविली, हा सल.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “मास्तर, तुम्ही डबे-बिबे वाचता. त्या डब्ल्यूचा अर्थ काय हो?”

डब्ल्यू म्हणजे ‘वेट’, वजन, असे ते धरून चालले होते. वीस हा आकडा पाचापेक्षा मोठा. तेव्हा तेल वजनदार, भरीव. वास्तविक तो डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’, हिवाळा. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, तेलांची ही वर्गवारी १९११ साली प्रथम केली आणि पुढे वेळोवेळी ती सुधारली. पहिला आकडा तेलाचे थंडीतले वागणे सांगतो. तो जितका लहान, तितक्या कडाक्यात ते वाहू शकते. दुसरा आकडा १०० अंशांना, म्हणजे तापलेल्या एंजिनात, तेल किती दाट राहते ते सांगतो. एक आकडा हिवाळ्याचा आणि दुसरा कामाच्या उन्हाचा, असे हे व्याकरण आहे.

ह्या पहिल्या आकड्यामागे प्रयोगशाळेतली कसोटी असते. पंपाला तेल ओढता येते की नाही, हे ० डब्ल्यूसाठी उणे ४० अंशांवर पाहतात, ५ डब्ल्यूसाठी उणे ३५ वर, १० डब्ल्यूसाठी उणे ३० वर, १५ डब्ल्यूसाठी उणे २५ वर आणि २० डब्ल्यूसाठी उणे २० वर. विनिपेगच्या उणे एकतिसात २० डब्ल्यूचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. वाचकभगिनींना हे पटकन कळेल. साखरेचा पाक चुलीवर असतो तेव्हा धार धरतो आणि गार झाला की झाऱ्याला चिकटून बसतो. तेलाचेही तसेच. त्यात खनिज तेलात थोडे मेण असते. थंडीत त्याचे स्फटिक जमतात आणि तेल जागच्या जागी बसते. म्हणून तेलात मेण जमू न देणारी द्रव्ये मिसळतात. शिवाय लांब साखळ्यांची काही रसायने घालतात. ती थंडीत आखडून बसतात आणि उष्णतेत पसरून तेलाला दाटपणा देतात. एकच तेल दोन्ही ऋतूंना चालते ते त्यामुळे. कृत्रिम रीतीने घडविलेल्या तेलात मेण नसल्यासारखेच असते. म्हणून कडक थंडीच्या देशात ते अधिक पसंत करतात.

मला मात्र ह्यात एक निराळीच गंमत सापडली. तेलाच्या दाटपणाला आपल्या शास्त्रीय परिभाषेत ‘श्यानता’ म्हणतात. संस्कृतात ‘श्यै’ असा धातू आहे. अर्थ थिजणे, गोठणे. त्यापासूनच ‘श्यान’ झाला आणि त्यापासूनच आपला रोजचा ‘शीत’! दाटपणा आणि थंडी ही सख्खी भावंडे आहेत, हे आपल्या भाषेला मोटार निघण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. हे मी भाऊजींना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “मग डब्यावर संस्कृतात लिहायला काय हरकत होती?”

नंतर त्यांनी स्वतःच गाडीची पुस्तिका काढली आणि जावयाकडून ती पानापानाने समजावून घेतली. पुस्तिकेत ५ डब्ल्यू-३० सांगितले होते, तेच घातले. बॅटरी तपासली. तिथल्या गाड्यांच्या नाकातून विजेची वायर लोंबताना दिसते, तिचेही रहस्य त्यांनी शोधून काढले. रात्रभर एंजिन कोमट ठेवणारी ती शेगडी आहे. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटाच्या एका गृहस्थाने १९४९ साली अशा शेगडीचे पेटंट घेतले. भाचीच्या गाडीला ती होती, पण वायर तुटलेली. भाऊजींनी ती बदलून घेतली आणि घरमालकाशी बोलून प्लगची सोय केली.

जानेवारीत एका रात्री अडीच वाजता तिला नेण्याची वेळ आली. बाहेर उणे तेहतीस. आमच्याकडे दुपार होती. फोन वाजला, तो भाऊजींचा. “मास्तर, पहिल्या फटक्यात सुरू झाली!” मी विचारले, “अहो, पण मुलीचे काय?” तेवढ्यात ताईने फोन हिसकावून घेतला आणि त्या नुकत्याच इस्पितळात पोचल्या आहेत असे सांगितले. नात सकाळी झाली. दोघीही सुखरूप.

कोणी म्हणेल, हे सारे विनिपेगचे. आम्हांला त्याचे काय? पण हल्ली मुंबई-पुण्याची माणसे स्वतःची गाडी घेऊन हिवाळ्यात लेहला आणि स्पितीला निघतात. खाली कोकणात जी गाडी गुणी वाटते ती तिथे रुसते. डिझेलच्या गाडीत तर तेलाआधी इंधनच दगा देते. त्यातल्या मेणाने गाळणी तुंबते. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. थंडीने यंत्र हतबल होते, ही गोष्ट मोठमोठ्या सेनांनीही अनुभवली आहे. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्याला आपल्या गाड्यांखाली आगट्या पेटवाव्या लागल्या. आपण मात्र तो उपाय चुकूनही करू नये.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, गाडीची पुस्तिका हाच गुरू. तीत सांगितले असेल तेच तेल. नव्या पेट्रोल गाड्यांना पुष्कळदा ० डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल सांगतात. त्यांच्या एंजिनातल्या फटी बारीक असतात, आणि ‘कोकणात उष्मा फार’ म्हणून तिथे दाट तेल ओतण्यात शहाणपण नाही. दुसरी, बर्फाच्या मुलखात जावयाचे तर पुस्तिकेने परवानगी दिलेल्यांपैकी लहान हिवाळी आकड्याचे तेल घालून निघावे. तिसरी, रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालण्याची आपली सवय तिथे घातक आहे. पाणी गोठले की फुगते आणि एंजिन तडकवते. निम्मे पाणी आणि निम्मे गोठणरोधक ग्लायकोल असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. चौथी, थंडी कितीही असो, बंद खोलीत एंजिन चालू ठेवून बसू नये. त्याचा विषारी धूर दिसत नाही, पण जीव घेतो.

भाऊजी मार्चमध्ये परत आले. गॅरेज आता त्यांचा पुतण्या चालवितो. तिथे येणाऱ्या जुन्या जीपमध्ये ते आजही घट्ट तेलच घालावयास सांगतात. आणि ते बरोबरच आहे. पण नवी गाडी आली की आधी पुस्तिका मागतात, आणि गिऱ्हाइकाला विचारतात, “गाडी कुठवर नेणार?” माझ्या मते ह्या एका प्रश्नात सारे वंगणशास्त्र आले. संस्कृतात तेलाला ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही ‘स्नेह’च म्हणतात. दोन्हींच्या बाबतीत एकच पथ्य आहे : ज्याला द्यावयाचा त्याच्या मुलखाची हवा आधी विचारावी. दिवाळीच्या ह्या दिवसांत आपल्या घरातला स्नेह कोणत्याही थंडीत न थिजो!