बारामतीचं ९०.४ एफएम राहूत लागत नाही. वेबसाइटवर लागेल का?

बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' हे ९०.४ एफएमवरचं कम्युनिटी रेडिओ केंद्र. अशा केंद्रांची प्रभावी प्रसारण-ताकद (ईआरपी) साधारण १०० वॅटपर्यंतच, त्यामुळे आवाज १०-१५ किलोमीटरपर्यंतच नीट पोहोचतो. दौंड तालुक्यातलं राहू त्याच्या बरंच बाहेर. शेती, पाणी, हवामानाचे कार्यक्रम इथेही कामाचेच, पण मोबाईलला हेडफोन लावून एफएम शोधलं तरी ते सापडणार नाही. उपाय एकच: इंटरनेट स्ट्रीम.

गावाच्या वेबसाइटवर रेडिओ प्लेअर बसवणं आता सोपं आहे. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. एचटीएमएलचा 'ऑडिओ' टॅग आणि केंद्राच्या स्ट्रीमची लिंक, एवढंच लागतं. स्ट्रीम एमपीथ्री असेल तर अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप, सगळीकडे वाजतो. फक्त तो 'एचटीटीपीएस'वर हवा, नाहीतर सुरक्षित साइटवर ब्राउझर त्याला अडवू शकतो. आणि प्ले बटण ठेवाच. पेज उघडताच आपोआप आवाज सुरू करायला बहुतेक ब्राउझर परवानगी देत नाहीत.

ऐकणाऱ्याचा खर्च? ६४ केबीपीएसला तासाला सुमारे २९ एमबी. म्हणजे दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये सहज बसतं.

खरा प्रश्न केंद्राचा आहे. एफएमवर दहा जणांनी ऐकलं काय किंवा दहा हजारांनी, विजेचं बिल तेच. स्ट्रीमवर मात्र प्रत्येक श्रोत्याला वेगळा डेटा जातो, आणि सर्व्हरचा भार वाढत जातो. म्हणून कुठल्याही केंद्राची लिंक परस्पर चिकटवू नका, आधी विचारा.