बापाला लेडीज सायकल घेऊन द्या

आमच्या हापिसात सध्या एक खूळ आलंय. वडील रिटायर झाले की त्यांना सायकल भेट द्यायची. कल्पनेला माझा विरोध नाही, कल्पना झकास आहे. विरोध आहे तो आपण जी सायकल घेऊन देतो तिला. जाड नक्षीदार टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर, सरळ आडवं हँडल. आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर यातलं काही म्हणता काही नाही. खरं सांगायचं तर ही सायकल आपण स्वतःसाठीच निवडलेली असते. तिच्यावरून दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जायचं मनात होतं, ते काही जमलं नाही, मग बाबांच्या नावावर खपवली. क्लायंटला काय हवंय ते न विचारता रिलीज करायची आपल्याला सवय आहेच म्हणा.

तर मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. साठीच्या पुढच्या माणसाला आमच्या धाराशिव जिल्ह्यासारख्या मुलखात रोज वापरायला सायकल घ्यायची असेल, तर ती मधली नळी खाली उतरलेलीच घ्यावी. जिला आपण सगळे 'लेडीज सायकल' म्हणतो ती. पुरुषालासुद्धा. पुरुषाला तर नक्कीच.

आधी मुलूख सांगतो, कारण पुण्यात बसून बऱ्याच जणांना वाटतं की मराठवाडा म्हणजे पोळपाटासारखा सपाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि धाराशिव साडेसहाशेवर. मधला फरक म्हणजे बालाघाटाचा चढ. तुळजापूरच्या अलीकडे एसटी घाटात कण्हायला लागते तो. वर पठारावर आलं तरी सपाटी कुठली? ओढ्यात उतरायचं, पुन्हा माळावर चढायचं, असंच चालू. गावातल्या रिटायर माणसाची रोजची फेरी बघा. घरापासून वेशीपर्यंत सिमेंटचा रस्ता, पुढे किलोमीटरभर डांबर (म्हणजे एकेकाळी होतं ते), मग मुरमाची पाणंद, मध्ये ओढ्यावरची फरशी आणि शेवटी काळं रान. पावसाळ्यात ही काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरत नाही, काठीने उकरून काढावी लागते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. एका फेरीत चार प्रकारचे रस्ते झाले.

आता या फेरीत तो माणूस किती वेळा उतरतो ते मोजा. चढ आला, उतरला. फरशीवर पाणी आहे, उतरला. समोरून शेरडं आली, उतरला. कुणी रामराम घातला, मग तर उतरायलाच पाहिजे, सायकलवर बसून बोलणं बरं दिसत नाही. टेम्पोला वाट दिली. बांधावर पोचला. येताना पुन्हा हे सगळं, आणि तेव्हा कॅरिअरवर वैरणीची पेंढी नाहीतर दुधाचं कॅन. दहा-बारा वेळा चढ-उतार सहज होते. आपण सायकल निवडताना वेग, गिअर, वजन, सस्पेन्शन यांचे तक्ते करतो. पण या माणसाचा खरा प्रश्न चालवण्याचा नाहीच, चढण्या-उतरण्याचा आहे. आणि त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

आपल्याकडे सायकलवर चढायची रीत तुम्ही पाहिलीच असेल. डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन-तीन ढकला, सायकल पळायला लागली की उजवी टांग मागून सीटवरून पलीकडे. उतरताना तेच उलटं. विशीत हे बघायला फार छान वाटतं. पासष्टीत कंबर तेवढी वळत नाही, गुडघा तेवढा वर येत नाही, आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा तो अर्धा सेकंद हातातून निसटतो. त्यात कॅरिअरवर ओझं असेल तर टांग आणखी वर न्यायला लागते.

माझ्या थोरल्या काकांचं हेच झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, वय ६७, तब्येत आमच्यापेक्षा ठणठणीत. चुलतभावाने त्यांना पुण्याहून वर वर्णन केलेली सायकल धाडली. सुरुवातीला कौतुक झालं. कॅरिअर नव्हतं, ते गावात वेल्डिंग करून बसवलं. चार महिन्यांनी काका फरशीच्या अलीकडे पडले. उतारावर नाही, खड्ड्यात नाही, गाडीने उडवलं नाही. सायकल थांबलेली होती. उतरताना पाय दुधाच्या कॅनला अडकला आणि ते सायकलसकट आडवे झाले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. लोक म्हणाले नशीब खुब्याचं हाड वाचलं, आणि ते खरंच आहे. पण पुढे जे झालं त्याचा मला जास्त राग येतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता वय झालं, सायकल बंद. सायकल बदलावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता काका शेतात जायला कुणाच्या तरी मोटरसायकलची वाट बघत ओट्यावर बसलेले असतात. माणूस एका नळीमुळे परावलंबी झाला आणि आपण त्याचं खापर वयावर फोडून मोकळे.

आता थोडं गणित. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला पाहिजेत.) जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८, चाक २८ इंची. पायडलचा एक फेरा मारला की ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. माणूस, सायकल आणि पिशवी मिळून वजन ८५ किलो धरा, आणि चढ वीस मीटरला एक मीटर. साठी ओलांडलेला धडधाकट माणूस धाप न लागता ७५ वॅट देईल असं समजू. वेग येतो ताशी साडेपाच किलोमीटरच्या आत आणि पायडलचे फेरे मिनिटाला सोळा-सतरा. एवढ्या संथ फेऱ्यात सगळा भार गुडघ्यावर येतो, म्हणून माणूस उतरतो. तेच पुढे ३४, मागे ३४ आणि चाक २६ इंची असेल तर एका फेऱ्यात दोन मीटरच्या जरा वर, म्हणजे मिनिटाला ४३ फेरे. हे जमतं.

आता कुणीतरी हुशार म्हणेल, वेग तर चालण्याएवढाच आला! बरोबर. म्हणूनच मोठ्या चढावर उतरण्यात काही कमीपणा नाही, आणि म्हणूनच उतरणं सोपं हवं. हलका गिअर मधल्या, लहान चढांसाठी. २१ गिअरच्या सायकलीत हलका गिअर असतो हे मला मान्य आहे. पण तो डाव्या हाताच्या बटणाच्या टोकाला लपलेला असतो, आणि काकांच्या सायकलीचं ते बटण दुकानातून आलं तिथेच शेवटपर्यंत होतं. पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे सात, एवढं पुष्कळ झालं.

दुसरा गट म्हणजे आठवणीत रमणारा. 'आमच्या आजोबांची काळी ॲटलस, तशी सायकल आता होणे नाही.' ॲटलसची सुरुवात सोनीपतला १९५१ साली झाली आणि साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिन. मलाही वाईट वाटलं. त्या सायकलीची बैठक खरोखर उत्तम होती. म्हशीच्या शिंगांसारखं मागे वळलेलं हँडल, स्प्रिंगचं रुंद सीट, मागे कललेली सीटची नळी. पाठ सरळ, मनगटावर भार नाही, मान वर, मागून येणारा टेम्पो वळून बघता येतो. ताठ बसल्याने वारा अडतो म्हणतात, पण ताशी बारा किलोमीटरला वाऱ्याचं काय कौतुक! शर्यत थोडीच लावायचीय. मात्र त्याच सायकलीचं वजन वीस किलोच्या आसपास, गिअर एकच, आणि सळईचे ब्रेक पावसात ओल्या लोखंडी रिमवर नुसते घसरतात. शिवाय ती उंच आडवी नळी आहेच. बैठक तिची घ्या, बाकीचं राहू द्या.

मग एवढं सगळं कळत असून खाली उतरलेल्या नळीची सायकल पुरुषाला का घेत नाहीत? एकच कारण, लाज. काकांपाशी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "लोकं हासतेत की रे." वास्तविक ही नळी खाली आली ती बायकांच्या घोळदार कपड्यांसाठी, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे धोतरालाही तीच सोयीची! पण धोतर नेसणाऱ्यांनी धोतर सावरत उंच नळी ओलांडली, आणि पुढे पँटवाल्यांनी तीच मर्दानगी मानली. नेदरलँड्समध्ये या सायकलीला 'आजीची सायकल' असंच नाव आहे आणि तिच्यावरून बापये खुशाल फिरतात. तिथल्या अभ्यासांतही म्हातारे सायकलस्वार चढता-उतरताना बरेचदा पडतात हे दिसून आलंय, आणि तो देश खरोखर पोळपाटासारखा आहे.

विरोधी बाजू म्हणून एक सांगायला पाहिजे. आडव्या नळीची फ्रेम त्रिकोणामुळे जास्त ताठ असते, हे स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आपण सगळे शिकलोय. नळी खाली आणली की तेवढ्याच ताकदीसाठी पोलाद जास्त लागतं, आणि मागे पन्नास किलोचं पोतं टाकलं तर सायकल वळवळते. ठीक आहे. पासष्टीच्या माणसाने पन्नास किलोचं पोतं सायकलवर आणायचंच कशाला? ते तुम्ही सुट्टीला गेलात की आणा.

बाकी निवडीचं थोडक्यात. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद, फार खोल नक्षी नको, आणि हवा ४० पीएसआयच्या आसपास. पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावून दगडासारखी भरून देतो, त्याला थांबवा. मऊ रुंद टायर हाच खडीवरचा खरा शॉकअप, पुढचा स्वस्तातला शॉकअप म्हणजे दोन किलो जादा वजन. मडगार्ड हवंच, पण टायरपासून दोन बोटं सुटं. चाकाच्या मापात एक मोठी गोम आहे. २६ इंची म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात, रिमचा व्यास एकात ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ५९०. २८ इंचीतही तसंच, ६२२ आणि ६३५. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. घेण्याआधी वडिलांच्या बाजाराच्या गावात, कळंबला म्हणा, परंड्याला म्हणा, कुठल्या मापाचे टायर मिळतात ते फोनवर विचारा. डिस्क ब्रेक दुरुस्त करणारा तिथे सापडेलच असं नाही, ॲल्युमिनिअमच्या रिमवर रबरी गुटक्यांचे ब्रेक पुरतात. सीट एवढं खाली की बसल्या जागी दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. गुडघ्याला थोडा जास्त ताण पडतो, पण पडण्यापेक्षा बरं.

इलेक्ट्रिकवाले केव्हापासून हात वर करून बसलेत. घ्या की! आपल्याकडे २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, आणि बालाघाटाच्या चढावर मोटरचा आधार सोन्यासारखा. फक्त तीही खाली उतरलेल्या नळीचीच घ्या. बॅटरीमुळे ती आणखी जड झालेली असते, अंगावर आली तर जास्त लागेल.

आणि लाजेचं म्हणाल तर गावाने त्यावर आधीच तोडगा काढलाय. मानव विकास कार्यक्रमातून आमच्याकडच्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. त्या अर्थातच खाली उतरलेल्या नळीच्या. शाळेला सुट्टी असली की त्या सायकलींवर कोण दिसतं? आजोबा. दळण घेऊन चाललेत, सोसायटीत चाललेत, एका पायाने टेकत निवांत उतरतायत. 'नातीची आहे' म्हटलं की कुणी हसत नाही.

दिवाळीला घरी जाल तेव्हा वडिलांना शेताच्या वाटेवर उतरताना एकदा नीट बघा. मग दुकानात जा. दुकानदार विचारेल, "ताईसाठी का?" त्याला सांगा, वडिलांसाठी, आणि कॅरिअर भक्कम बसवून द्या म्हणावं.